सोयरिकीचा रस्ता

इंदूरच्या आतेभावाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो विमानाच्या वेळेचा. सकाळी निघावे, अक्षता टाकाव्यात, आहेर द्यावा आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा सर्वांच्या सोयीचा बेत ठरत आला होता. ब्याऐंशी वर्षांच्या आईने तो मोडला. ‘‘माझी नणंद ज्या रस्त्याने सासरी गेली, त्या रस्त्याने मला एकदा न्या,’’ एवढेच ती म्हणाली. मग सात आसनांची गाडी ठरली आणि एका पहाटे तीन पिढ्या पुण्याहून निघाल्या.

पुणे ते इंदूर हे अंतर सुमारे ६०० किलोमीटरचे. अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव करीत धुळ्याला पोहोचायचे आणि तेथून जुन्या मुंबई-आग्रा मार्गाने सातपुडा ओलांडायचा. अहिल्यानगरचा फलक दिसला, तसे आईने नातवंडांना चौंडीची गोष्ट सांगायला घेतली. याच जिल्ह्यातील चौंडी गावात १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला आणि मल्हारराव होळकरांची सून म्हणून त्या माळव्यात गेल्या. धाकट्या भावाच्या दहा वर्षांच्या मुलीने लगेच विचारले, ‘‘म्हणजे अहिल्यादेवीसुद्धा इंदूरच्या आजीसारख्या लग्न होऊनच तिकडे गेल्या?’’

मुलीचा प्रश्न साधा होता; पण मी इतकी वर्षे अहिल्यादेवींवर लिहीत-बोलत आलो, तरी हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माळव्याने ज्यांना देवी मानले, त्या एका मराठी खेड्यातून आलेल्या सूनबाई होत्या. पती गेले, सासरे गेले, पुत्र गेला, तरी त्यांनी माहेरची वाट धरली नाही. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी सासरचे राज्य सांभाळले. काशी विश्वनाथाचे मंदिर औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ मध्ये पाडले गेले होते. ते त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. सोमनाथ, गया आणि इतर कितीतरी तीर्थक्षेत्री त्यांनी मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या. हे करताना प्रांताची हद्द त्यांच्या आड आली नाही. आणि त्यांना ‘बाहेरची’ म्हणून माळव्याने हिणवले असते, तर आपण आज कोणाची जयंती साजरी केली असती?

शिरपूर मागे पडले, पळासनेर गेले आणि बिजासनच्या घाटात राज्याची हद्द लागली. फलकावरचे राज्याचे नाव बदलले; माणसे मात्र तशी अचानक बदलत नाहीत. धुळ्याच्या बाजारातील अहिराणी, सातपुड्यातील वनवासी बांधवांच्या बोली, पलीकडची निमाडी आणि पुढे माळवी अशी भाषा हळूहळू रंग बदलत जाते. घाटातल्या बिजासनी देवीच्या दर्शनाला दोन्ही बाजूंची माणसे येतात. आईने देवीची ओटी भरली. शेजारी उभ्या असलेल्या निमाडी बाईने तिच्या कपाळी कुंकू लावले. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती आणि त्यावाचून काही अडलेही नाही. एकात्मतेवर आपण बौद्धिके ऐकतो, लेख लिहितो. त्या पायरीवर ती कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

खलघाटच्या पुलावर नर्मदेला हात जोडले आणि धामणोदहून वाट वाकडी करून महेश्वरचे घाट पाहिले. रात्री इंदूरला पोहोचलो.

लग्न उत्तम झाले. नवरी माळव्यातलीच, माळवी बोलणाऱ्या घरची. अंतरपाटाआडून मंगलाष्टके ऐकू आली आणि त्यांच्याकडच्या मामेऱ्याचा सोहळाही तितक्याच हौसेने झाला. पंगतीत मसालेभात-श्रीखंडाशेजारी दाल-बाफले होते. मला सांगायचे आहे ते मात्र लग्नाच्या आदल्या रात्रीचे.

आतेभाऊ मला गच्चीवर घेऊन गेला. ‘‘दादा, तुम्ही बावीस वर्षांनी आलात,’’ तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. मधल्या काळात त्याच्याकडे दोन लग्ने झाली, एक मुंज झाली आणि आत्याही गेली. प्रत्येक वेळी आम्ही दूरध्वनी केला, आहेराचे पैसे बँकेतून पाठवले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. पुढे त्याने जे सांगितले, ते अधिक बोचरे होते. त्याची मुले लहानपणी सुटीत पुण्याला येत, तेव्हा ‘वाटते’ऐवजी ‘लागते’ म्हणत म्हणून आमच्याच घरातली मुले त्यांची नक्कल करून हसत. मुलांनी हळूहळू पुण्याला येणे सोडले; मग मराठी बोलणेही सोडले. ‘‘इथे आम्हाला सगळे मराठी म्हणून ओळखतात. तिकडे आलो की आम्ही हिंदीवाले होतो,’’ तो म्हणाला.

मी निरुत्तर झालो. ज्या इंदुरात २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या शहरातल्या माझ्याच रक्ताच्या मुलांची मराठी माझ्या घराने हसून घालवली होती. यासाठी कोणत्या सरकारला किंवा कोणत्या परकीय विचारसरणीला दोष द्यायचा?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, देवास, तंजावर येथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिथली भाषा आणि चव त्यांनी आपलीशी केली आणि घरातला गणपतीही सोडला नाही. भारत एक आहे, हे त्यांनी संसार करून दाखवले. आपण मात्र त्यांच्या शब्दांवर हसतो आणि दुसऱ्या प्रांतातून पोटासाठी आपल्याकडे आलेल्या माणसाला तुच्छतेने ‘परप्रांतीय’ म्हणतो. हे दोन्ही दोष एकाच संकुचित वृत्तीचे आहेत. व्यासपीठावरून आसेतुहिमाचल भारतमातेचा जयजयकार करणाऱ्या आपल्या घरांना ही वृत्ती मुळीच शोभत नाही.

कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत आपण एकत्र भोजन, एकत्र भजन यांचा आग्रह धरतो. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी असे मला वाटते. प्रत्येक कुटुंबाने परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या नातलगांची यादी करावी. वर्षाकाठी त्यांतल्या एका घरी मुलांना घेऊन जावे, आणि शक्य तर रस्त्याने जावे. विमान दीड तासात पोहोचवते, पण मधला देश दाखवत नाही. लग्नाचे निमंत्रण ही तर आयती संधी असते. सोयरीक म्हणजे दोन घरांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. तो पाळायचा तर जाणे-येणे राहिलेच पाहिजे.

निघताना नव्या सुनेने आईला वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेला मराठी उखाणा पुन्हा एकदा म्हणून दाखवला. एक-दोन शब्द अडखळले. कोणी हसले नाही. आईने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, ‘‘पुण्याला ये, पोरी. तुझ्या बोलण्याला कोणी हसले, तर मला येऊन सांग.’’