मका न टाकता

हरणं पिकं खातात, तेव्हा शिकार खुली करा, अशी मागणी निफाडकडे अधूनमधून कानावर येते. हल्ली तिला एक सुसंस्कृत शेपूट जोडलेलं असतं : आमिष टाकायचं नाही, माग काढत जायचं, प्राण्यालाही निसटायची संधी द्यायची. अमेरिकेत चालतं, मग इथे का नको?

अमेरिकेत काय चालतं? थिओडोर रूझवेल्टने 1887 साली काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’ची, म्हणजे न्याय्य पाठलागाची, कल्पना रुजवली. त्याच देशात टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मक्याचे दाणे टाकून हरीण मारता येतं आणि इलिनॉयमध्ये तोच गुन्हा ठरतो. टेक्ससवाले म्हणतात, आमची काटेरी झुडपं इतकी दाट की आमिषाशिवाय जनावर दिसणारच नाही. म्हणजे नीती ठरवते कोण, तर झाडी! (आपला काळवीटही 1930च्या दशकात तिथे नेऊन सोडला गेला. आज लोक पैसे भरून त्याला मारतात.)

आपल्याकडे झाडी नाही, माळ आहे. काळवीट शास्त्राने हरीण नव्हे, त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. पण आमच्या बोलण्यात तो हरीणच. उघड्यावर तो माणसाला आधी पाहतो आणि पळण्यात त्याला हरवणं शक्य नाही. मग जुने शिकारी बैलगाडीच्या आडोशाने जवळ जात, कारण गाडीला तो बुजत नसे. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते डोळे झाकून गाडीतूनच नेत आणि कळपाजवळ सोडत. दाणा एकही टाकलेला नसे. पण रोज शेजारून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीवर त्या जनावराचा जो भरवसा होता, तो आमिषासारखाच वापरला ना? याला मर्दानी खेळ म्हणायचं; आणि पोटासाठी फासे लावणाऱ्या पारध्याची जमातच इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून नोंदवली.

आता चैत्र-वैशाखात लासलगाव ओलांडून येवल्याच्या ममदापूर, राजापूरकडे जा. माळावर गवताची काडी उरलेली नसते, नाले कोरडे. हिरवं असतं ते विहिरीखालच्या घासाचं वाफं, पाणी असतं ते गुरांच्या हौदात. कळप तिथे येणारच. त्या हौदापासून शंभर पावलांवर बंदूक घेऊन बसलेला माणूस ‘मी काही टाकलं नाही’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. त्याच्यासाठी दुष्काळाने टाकलेलं असतं. आमच्या उसात बिबट्या आला की वनखातं पिंजऱ्यात शेळी बांधतं. तिथे आमिष निदान डोळ्यांना दिसतं.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा घोळ घातलाच नाही. शिकारीच्या व्याख्येत पाठलाग, फासा, सापळा, हाका आणि आमिष एकाच ओळीत आहेत, नुसता प्रयत्नसुद्धा. मला ही त्या कायद्यातली सर्वांत शहाणी ओळ वाटते.

शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. एका रात्रीत शेंडे खुडलेलं हरभऱ्याचं रान पाहिलेला माणूस ‘वन्यजीवांचाही हक्क’ वगैरे ऐकून घेत नाही, आणि त्याने घेऊही नये. त्याला वेळेवर पंचनामा हवा, भरपाई हवी, आणि कळप खाली उतरू नये म्हणून माळावर उन्हाळ्यात पाणी हवं. परवान्याने यातलं काय मिळेल? दिवसभर कांदा काढलेला माणूस रात्री बंदूक घेऊन जागणार नाही. बंदूक शहरातून येईल, जीपमधून, मोठ्या बॅटरीसकट. ती पीळदार शिंगांचा काळा नर निवडेल, कारण भिंतीवर तोच शोभतो. हरभरा खाणारा माद्यांचा कळप दुसऱ्या रात्री परत तिथेच.

काळवीट अनुसूची 1मध्ये आहे. पीक खाल्लं म्हणून त्याला मारण्याची परवानगी आजच्या कायद्यात बसत नाही. तेव्हा या मंडळींना आधी कायदा बदलून घ्यावा लागेल. त्यांनी मसुदा जरूर लिहावा. ‘बिनआमिष’ची व्याख्याही त्यात घालावी, आणि मे महिन्यातला राजापूरचा हौद तिच्यात कुठे बसतो, तेवढं स्पष्ट करावं.