भिंतीतला खिळा

‘घर भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लिहिली आणि तिच्याखाली कन्नडमध्ये ‘मने बाडिगेगे इदे’ असंही लिहिलं. आपल्या बेळगावात पाटी दोन्ही भाषांत असलेली बरी. पण ती फाटकाला बांधताना हात जरा थबकलाच. लग्नापर्यंतची सगळी वर्षं मी भाडेकरूची मुलगी म्हणून काढली. घरमालकीण होण्याची ही पहिलीच वेळ!

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, वरच्या मजल्याचं कर्ज मात्र इथंच राहिलं. यजमान निवृत्त झालेले. हप्ते भरायचे तर वरच्या दोन खोल्या भाड्यानं देण्यावाचून इलाज नव्हता.

पाटी लागली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाले, “लीजवर द्या वैनी. एकरकमी पैसे घ्यायचे, महिन्याचं भाडं नाही, जाताना तेवढेच परत करायचे.” ऐकायला छान. पण ती रक्कम कर्जात घातली आणि मुदत संपल्यावर भाडेकरू उठला, तर परत कुठून आणायची? दुसऱ्यांनी बेंगळुरूची दहा महिन्यांच्या डिपॉझिटची रीत सांगितली. शेवटी यजमान वकिलांकडे जाऊन आले. राज्यांनी स्वीकारावा म्हणून केंद्रानं २०२१ साली जो नमुना कायदा मांडला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असं म्हटलंय. आम्ही तेवढंच घ्यायचं ठरवलं. सगळीकडे अकरा महिन्यांचाच करार का करतात, तेही तेव्हा कळलं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. वरच्या मजल्याचा वीजमीटर वेगळा करून घेतला, म्हणजे बिलावरून कुरबुर नको.

कराराचा मसुदा मीच लिहायला बसले. भाडं पाच तारखेच्या आत. पाणी जपून वापरावं. पाहुणे आधी सांगून आणावेत. फाटक रात्री दहाला बंद होईल. भिंतींना खिळे मारू नयेत. वहीचं पान भरलं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं.

पहिल्यांदा आलं ते एक मराठी जोडपं. दोघंही नोकरीला, बोलायला गोड, सांगितलेलं भाडं कबूल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक नर्स आली, सोबत तिची म्हातारी आई. बैलहोंगलकडच्या. घरात दोघीच. आठवड्याआड रात्रपाळी. भाडं पाचशे कमी होईल का, म्हणून विचारलं. म्हातारीनं आत पाऊल ठेवताच पहिला प्रश्न केला, “नीर बरतावेन्री?” पाणी येतं का? घर बघायला आलेल्या बाईचा पहिला प्रश्न कुठल्याही भाषेत हाच असतो.

मी मात्र सरबत्तीच सुरू केली. लग्न झालंय का? का नाही झालं? भाऊ कुठं असतो? रात्री सोडायला कोण येतं? स्वयंपाकात काय काय करता? मुलगी शांतपणे उत्तरं देत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझी आई हे सगळं ऐकत होती. आता ती माझ्याकडेच असते. तिचं माहेर गोकाककडचं, त्यामुळे तिचं कन्नड माझ्याहून मोकळं. तिनं मधेच म्हातारीला हाक दिली, “कुंदर्री, अव्वा.” बसा. आणि मला पाणी आणायला पिटाळलं.

त्या गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, “रात्री-अपरात्री येणारी बाई नको गं. शिवाय आपली माणसं मिळतायत की!” मी मान डोलावली. आई तेवढं एकच बोलली, “एवढे प्रश्न विचारलेस, तिला एकदा तरी बस म्हणालीस का?”

मला शहापूरचं घर आठवलं. आमच्या मालकीणबाईंना भिंतीला खिळा चालत नसे. सात वर्षं आमचं कॅलेंडर ट्रंकेवर भिंतीला टेकवून उभं असायचं. वाऱ्यानं पडलं की आई उचलून पुन्हा ठेवायची. आजी आजारपणात आमच्याकडे आली, तेव्हा त्या बाईंनी दारात येऊन विचारलं होतं, “या किती दिवस आहेत?” आजी आतल्या खोलीत झोपलेली, तिला ऐकू गेलं. चौथ्या दिवशी ती गावी परत गेली. आई त्यावर कधी बोलली नाही. तेच सगळे नियम मी माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले होते.

वही पुन्हा उघडली. ओळखपत्राची प्रत, फोटो, आधीच्या घरमालकांचा फोन, भाड्याची तारीख, सोडण्यापूर्वी महिन्याची सूचना, हे सगळं ठेवलं. व्यवहार चोख हवाच. पाहुण्यांची ओळ खोडली, खिळ्यांचीही. आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, “भाडं कधी चुकलं नाही. मुलाच्या लग्नामुळे जागा लागली, म्हणून उठवलं.” संध्याकाळी यजमानांनी नर्सला होकार कळवला. पाचशे कमी करूनच.

काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. पहिल्या रात्रपाळीला फाटक वाजलं तेव्हा मी दचकून उठले आणि मनातल्या मनात थोडी चिडलेही, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी फाटकाची आणखी एक किल्ली करून तिला दिली आणि बिजागरीला तेल घातलं. आता फाटक वाजतं, पण कमी.

सामान आलं त्या दिवशी म्हातारी जिन्यावरून हळूच खाली आली. गुंडाळलेलं कन्नड कॅलेंडर हातात. भिंतीला एक खिळा मारला तर चालेल का, असं विचारत होती. मी काही म्हणायच्या आत आईनं आतून हातोडी मागवली.