विम्याचा दावा आणि मदतनिसाची पारख

सन २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां सन २०२१ च्या जुलैंत पंचगंगेनें पात्र सोडलें. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट; दोन्ही वेळीं पाणी तिच्या वर दहा फुटांहून अधिक चढलें. शिरोळ व करवीर तालुक्यांतील कित्येक घरें, गोठे आणि नदीकांठच्या मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशा आपत्तींत ज्यानें विमा उतरविला असेल त्याच्या दारीं, "दावा आम्ही मंजूर करून देतों, मिळेल त्यांत चौथाई आमची," असें सांगणारे मध्यस्थ येतात. त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वीं शेतकरीबंधूंनीं चार गोष्टींचा विचार करावा, असें आमचें सांगणें आहे.

पहिली गोष्ट, आरंभींचें काम आपलें आपणच करावयाचें असतें. तलाठ्याचा पंचनामा हा सरकारी मदतीसाठीं होतो; त्यामुळें विमा कंपनीस खबर दिल्यासारखें होत नाहीं. कंपनीस तत्काळ लेखी कळवावें, चिखल काढण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावींत, आणि बिघडलेली मोटर पाहणी होईपर्यंत भंगारांत देऊं नये. यासाठीं कोणास एक पैही देण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट, सर्वेक्षक कोण हें ओळखावें. त्यास कंपनी नेमते व मेहनतानाही कंपनीच देते. परंतु तो विमा नियामक प्राधिकरणाचा परवानाधारक असून त्यानें निःपक्षपातीपणें नुकसान मोजावें असा नियम आहे. तो आपला वकील नव्हे, तसा शत्रूही नव्हे. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. हा अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें सन २००९ मध्यें स्पष्ट केलें आहे.

तिसरी गोष्ट, जसें नुकसान तसा जाणकार. भिंत खचली तर स्थापत्य अभियंत्याचा दाखला, मोटारीस दुरुस्तीवाल्याचा लेखी अंदाज, गुऱ्हाळांतील गुळाच्या साठ्यास हिशेबतपासनिसाचें पत्रक उपयोगी पडतें. आंकडाच मान्य नसेल तर आपल्या बाजूनेंही परवानाधारक सर्वेक्षक नेमतां येतो. मात्र परवाना पाहावा, मेहनताना आधीं लेखी ठरवावा आणि कोऱ्या कागदावर सही देऊं नये. वकिलानें निकालाच्या रकमेंत वाटा ठरविणें तर वकील परिषदेच्या आचारनियमांसच निषिद्ध आहे. तेव्हां जो वकील चौथाई मागतो, तो पहिल्याच भेटींत आपली परीक्षा देऊन जातो.

चौथी गोष्ट, दाव्यास नकार आला म्हणून दाद मागण्याचे मार्ग बंद होत नाहींत. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरांत समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें शुल्क नाहीं, वकिलाचें कामही नाहीं. ५० लाख रुपयांपर्यंतची मागणी चालते, पण वर्षाची मुदत सांभाळावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते. आयोगापुढें चालू असलेली तक्रार लोकपालाकडे नेतां येत नाहीं. म्हणून वाट आधींच ठरवावी.

जाणकाराची मदत घेऊंच नये, असा आमच्या लिहिण्याचा अर्थ नाहीं. नुकसान मोठें, कलमाचा अर्थ वादाचा, किंवा "पूर्ण व अंतिम" अशा पावतीवर सहीचा आग्रह होत असेल, तर चांगल्या वकिलाची फी ही वायां गेलेली रक्कम नव्हे. परंतु पंपाच्या लहानशा दाव्यासाठीं चौथाई देणें म्हणजे पुरांतून वांचलेलें धान्य आपल्या हातानें पाण्यांत लोटणें होय.

हें ओझें एकट्यादुकट्यानें वाहण्यापेक्षां गांवोगांवच्या सेवा सोसायट्यांनीं उचलावें. परवानाधारक सर्वेक्षक, अभियंते व वकील यांची मेहनतान्यासह यादी प्रत्येक सोसायटीनें पावसाळ्यापूर्वीं फळ्यावर लावावी, आणि सभासदांच्या पॉलिसींच्या प्रती उंच जागीं जपून ठेवाव्यात. नदी कधीं चढेल हें आपल्या हातीं नाहीं. ती ओसरल्यावर सही कोणाच्या कागदावर करावयाची, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.