वाचता येतं, तिलाही शिकवा

जामनेर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात अशी एखादी मुलगी निघते. एसटीच्या पाट्या, खताच्या गोण्या, भजी बांधून आलेला पेपरचा तुकडा, असं मिळेल ते वाचत ती शाळेआधीच वाचायला लागते. पहिलीत तिच्यापुढे ‘कमळ, बदक’ येतं आणि महिनोन्‌महिने तेच राहतं. आईबाप शाळेत गेले की ऐकावं लागतं, “तिला येतंय ना? ज्यांना येत नाही त्यांचं बघू द्या.”

ज्यांना येत नाही त्यांचं आधी बघावं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून येणारीला नुसतं बसवून ठेवा, हे त्यातून निघत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्यात मागे पडलेलं मूल येतं, तसंच पुढे गेलेलंही येतं. चौथीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर त्याची इयत्ता बाजूला ठेवून त्याच्या पातळीपासून शिकवावं, हे आज सगळे मान्य करतात. खाली जाताना इयत्ता आड येत नाही, मग वर जातानाच का यावी?

“तिसरीपर्यंत सगळी सारखीच होतात,” हा दुसरा आक्षेप. पुष्कळदा होतातही. लवकर वाचणारं प्रत्येक मूल असामान्य बुद्धीचं असतं, असा माझा दावा नाही. पण दोन वर्षं तिला पुढचं काहीच मिळालं नाही आणि बाकीची तिथवर येऊन पोचली, तर त्याला बरोबरी म्हणायचं की तिला थांबवून ठेवणं?

मग येते वेळेची अडचण. ती खरी आहे. तालुक्यातल्या लहान गावांत शाळा दोनशिक्षकी असते, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात आणि वर कागदपत्रं भरायची असतातच. पण ह्या मुलीचा प्रश्न सोडवायला हीच खोली सगळ्यात सोयीची आहे. दुसरी-तिसरीची भाषेची तासिका चालू झाली की पहिलीतल्या मुलीनं तिथं सरकून बसायचं. गणिताला परत आपल्या जागी यायचं. त्याला ना अर्ज लागतो, ना वरची परवानगी, ना जादा शिक्षक.

सरसकट वरच्या वर्गात ढकलणं मात्र मला पटत नाही. वाचन पुढे असलेल्या मुलीची बोटं सहा वर्षांचीच असतात. तिला पानभर लिहिणं जड जातं, गणितही वयाप्रमाणेच असू शकतं. लिहायला हळू म्हणून तिचं वाचनही कच्चं समजलं जातं, ती चूक वेगळीच. “मग इंग्रजी शाळेत घाला,” असं सुचवणारेही असतात. तिथं ती पुन्हा एबीसीडीपासून सुरू करणार, आणि ज्या भाषेत ती गोष्टी वाचू शकते ती भाषा मागे पडणार.

आणखी एक गोष्ट मला खुपते. अशा मुलीला ‘छोटी मॅडम’ करून रोज बाकीच्यांकडून बाराखडी घोकून घ्यायला लावतात, पाहुणे आले की वाचून दाखवायला उभं करतात. कौतुक होतं, पण तिला नवं काही मिळत नाही.

तिला हवीत पुस्तकं. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय असावं, असं त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. कित्येक शाळांत पुस्तकं आहेतही, पण फाटतील म्हणून कपाटाला कुलूप असतं. ‘बालभारती’चं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी पुढच्याच बैठकीत दोन ठराव मांडावेत: कपाट रोज उघडं राहील आणि पुस्तक घरी नेता येईल, वाचता येणारं मूल भाषेच्या तासाला वरच्या इयत्तेत बसेल. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावेत, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत त्या मुलीनं महिनाभरात काय काय वाचलं ते विचारावं.