कसूर कोणाची?

रोगी औषध मध्येच का सोडतो, या प्रश्नाचा अभ्यास हा आता वैद्यकशास्त्रातील एक स्वतंत्र प्रांतच होऊन बसला आहे. रोग्याची पसंती आणि उपचारांतील त्याचे सातत्य एवढ्याच विषयाला वाहिलेले ‘पेशंट प्रेफरन्स अँड अ‍ॅडहिअरन्स’ नावाचे एक इंग्रजी नियतकालिक २००७ सालापासून निघत आहे, आणि याच विषयावरील शोधनिबंध इतर नियतकालिकांतूनही सतत प्रसिद्ध होत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात असे नमूद आहे की, दीर्घ मुदतीच्या आजारांत श्रीमंत देशांतसुद्धा सुमारे निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. गरीब देशांत हे प्रमाण याहून कमी. तेव्हा औषध अर्धवट टाकणे हा काही मराठवाड्यातील अडाणीपणाचा खास रोग नव्हे, एवढे तरी या संशोधनाने सिद्ध केले आहे आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. परंतु हे संशोधन ज्यांच्यावर होते त्यांच्यापर्यंत त्यातले काय पोहोचते, आणि जो प्रश्न त्यांना विचारला जातो तो तरी योग्य शब्दांत विचारला जातो काय, याचा विचार आमच्या शहरात होणे आवश्यक आहे.

या विषयात भारताला कोणाची शागिर्दी करण्याचे कारण नव्हते. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी आपले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले त्याच वर्षी, मद्रास येथे क्षयरोगावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयाचा रोगी म्हटला की त्यास आरोग्यधामात ठेवावयाचे, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती द्यावयाची, असा दंडक होता. आणि ज्याला ते परवडत नसे त्याने खंगत मरावे, हा त्या दंडकाचा न लिहिलेला उत्तरार्ध होता. मद्रासच्या केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात व काही रोग्यांना त्यांच्याच दाटीच्या, दरिद्री घरांत ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी साऱ्या जगाचे धोरण पालटले. घरी राहिलेले रोगी कमी खाऊन आणि अधिक राबूनही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. त्याच केंद्रात आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. घरी दिलेल्या गोळ्या रोगी खरोखरच घेतो की नाही हे लघवी तपासून पाहावे लागले, आणि पुष्कळ रोगी त्या नेमाने घेत नाहीत असे आढळले.

येथून पुढे दोन वाटा फुटल्या. रोगी गोळ्या का टाळतो हे समजून घेणे ही एक वाट आणि त्याच्यावर पहारा बसविणे ही दुसरी. पहाऱ्याची वाट सोपी, म्हणून तीच हमरस्ता झाली. कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळावयाची, आणि जो गिळावयास आला नाही त्याच्या नावापुढे ‘डिफॉल्टर’ असा शब्द लिहावयाचा. बँकेचे कर्ज बुडविणाऱ्यास जो शब्द, तोच छातीत खोकला घेऊन फिरणाऱ्यास! जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आपल्या परिभाषेतून हा शब्द काढून टाकला. कागदावरून तो गेला. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवरून, ‘एवढे दिवस कुठे होतास?’ या दरडावणीतून, तो अद्याप गेलेला नाही.

आयुष्याची काही वर्षे शाळेत घालविलेल्या माणसास हजेरीपटाची गंमत ठाऊक असते. गैरहजेरीची खूण करावयास क्षण पुरतो. मूल का आले नाही हे कळावयाचे तर त्याच्या घरी जावे लागते, आणि तेथे बहुधा असे दिसते की आई निंदणीला गेली असून मूल धाकट्या भावंडाला सांभाळीत बसले आहे. रुग्णालयाचे रजिस्टर हाही एक हजेरीपटच आहे.

घरी जाऊन पाहणारेही संशोधक या देशात झाले, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत क्षयरोग्यांच्या गाठी घेतल्या व १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अडाणी खेडुताला रोग कळतच नाही, हा विद्वानांचा समज त्यांनी पार खोटा पाडला. बहुतेक रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे जण स्वतः होऊन दवाखान्याची पायरी चढून आलेही होते. दवाखान्याने त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठविले होते! आता या प्रसंगी गैरहजर कोण होते, रोगी की दवाखाना? पुढे मुंबईत धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शंभर डॉक्टरांनी एकाच रोगासाठी औषधांचे ऐंशी निरनिराळे पाठ लिहून दिले होते. ज्या उपचाराविषयी वैद्यांतच एकवाक्यता नाही, तो रोग्याने श्रद्धेने सहा महिने चालवावा, ही अपेक्षा भलतीच म्हणावी लागेल.

आणि सरकारचे काय? २०२४ च्या मार्च महिन्यात क्षयाच्या औषधांचा देशभर तुटवडा पडला, तेव्हा केंद्र सरकारने राज्यांना पत्र धाडून औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. एक गोळी चुकली तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, असे ज्या रोग्यास वर्षानुवर्षे बजावले, त्यालाच ‘साठा आला नाही, नंतर या’ असे सांगण्याची पाळी आली. त्या काळातील खंड कोणाच्या खाती मांडावयाचे? आमच्या माहितीत तरी ‘सरकारने औषध सोडले’ असा रकाना असलेले रजिस्टर कोठे छापलेले नाही.

रोग्याच्या पसंतीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी अनेक वर्षे कॅनामायसिनची इंजेक्शने देत असत. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ साली या उपचारात गेली. जीव वाचविण्यासाठी कान द्यावा लागेल, हा सौदा मान्य आहे काय, असे शेकडो रोग्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासमवेत बेडाक्विलीन या तोंडाने घ्यावयाच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढविण्यास हरकत घेतली आणि भारताच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये ती मुदतवाढ नाकारली. इंजेक्शनांऐवजी गोळ्यांचा उपचार ही आता मान्य रीत झाली आहे. पूर्वी ज्या रोग्यांनी ही इंजेक्शने अर्ध्यावर टाकून दिली असतील, त्यांची नोंद मात्र कसूरदार म्हणूनच राहिली.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. दसरा झाला की बीड, जालना, परभणीकडील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. साध्या क्षयाचा औषधोपचारही नेमका सहा महिन्यांचाच. दोन महिन्यांत खोकला ओसरतो, अंगी बळ येते, आणि नवरा-बायकोचा कोयता पुन्हा फडात उभा राहतो. तपासणीसाठी एक दिवस काढावा तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाने गोळ्या सोडल्या तर त्याला ‘आरोग्यविषयक जाणिवेचा अभाव’ असे निदान चिकटविणे ही बुद्धीची चैन आहे. ‘निक्षय’ नावाची संगणकीय नोंदवही २०१२ पासून आहे. नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविता येते. परंतु फडावरच्या पालापर्यंत गोळ्यांचे पाकीट नेऊन देण्याचे काम कोणतीही नोंदवही करीत नाही.

रोग्याची अडचण ओळखून व्यवस्था वाकविली तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. झारखंडमध्ये क्षयरोग्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणे, शिधा मिळालेल्या घरांतील इतरांना होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. ‘निक्षय पोषण योजने’त रोग्यास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हेही योग्यच झाले. रक्तदाबाच्या बाबतीत २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांत जो उपक्रम सुरू झाला, त्यात एकदम तीस दिवसांच्या गोळ्या, आणि त्याही गावाजवळच्या केंद्रात देण्यावर भर होता. ज्याला घाटीत केसपेपर काढण्यासाठी पहाटेची एसटी धरावी लागते, त्यालाच या तीस दिवसांचे मोल कळेल.

मग हे ज्ञान जाते कोठे? एम.डी. होऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रबंध सादर करावाच लागतो. रोगी औषध का सोडतात, हा अशा प्रबंधांचा नेहमीचा विषय आहे. घाटीच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या मराठी माणसाला मराठीत प्रश्न विचारले जातात, त्याची उत्तरे इंग्रजीत टिपली जातात, टक्केवारीत मांडली जातात, आणि पदवी पदरात पडताच तो ग्रंथ कपाटात जातो. अध्यापकांच्या बढतीला प्रसिद्ध शोधनिबंधांची अट असल्याने काही निबंध छापूनही येतात. अशा कित्येक नियतकालिकांत लेखकाने शुल्क भरावयाचे आणि वाचकाने फुकट वाचावयाचे, अशी पद्धत आहे. पद्धत वाईट नाही. निदान दार उघडे आहे. पण उंबरठ्यावर इंग्रजी उभी आहे. ज्या आशाताईने रोज रोग्याच्या दारी जावयाचे, जी परिचारिका खिडकीवर गोळ्या मोजते, तिच्यापर्यंत तिच्याच जिल्ह्याविषयीचा निष्कर्ष पोहोचत नाही. रोग्याचे तर नावच काढावयास नको. संशोधन नावाच्या या व्यवहारात त्याचा शब्द घेतला जातो. उसना घेतला जात नाही, कारण उसने परत करावे लागते.

डॉक्टरांवर आमचा रोष नाही. घाटीत एका तरुण निवासी डॉक्टरासमोर जी रांग असते ती पाहिली, म्हणजे प्रत्येक रोग्याशी निवांत बोला असा उपदेश करणेही निष्ठुरपणाचे ठरेल. मराठीत लिहिले तर शास्त्राची अचूकता जाईल, असाही एक आक्षेप येतो. ज्या भाषेत रोग्याची उत्तरे अचूक मिळाली, त्याच भाषेत ती परत सांगताना अचूकता कशी जाते, हे कोणी आम्हांस समजावून द्यावे!

आमची मागणी फार मोठी नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने, रोग्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करावा. येथील महाविद्यालयाने गेल्या दहा वर्षांतील आपल्या अशा प्रबंधांपासून आरंभ करावा आणि ते गोषवारे जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावेत. प्रबंधाची प्रश्नावली ठरविताना औषध मध्येच सोडलेले दोन-चार रोगी समोर बसवावेत. काय विचारावयास हवे ते त्यांना प्राध्यापकांइतकेच कळते. आणि उपचार चालू असलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या याद्या करून, ते ज्या कारखान्यांच्या फडांवर जाणार तेथील आरोग्य केंद्रांकडे त्यांची नावे व औषधे आगाऊ धाडण्याचे काम जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी हाती घ्यावे. दसऱ्याला मुकादमाच्या गाड्या गावात लागतात. त्यापूर्वी हे झाले पाहिजे.