कथा पाठवा, पण गणपतीच्या आधी

‘ओळख असल्याशिवाय नवोदितांची कथा छापतात का हो?’ हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो, तोही नेमका गणपती बसल्यावर. तोवर बहुतेक दिवाळी अंकांची पानं लागत आलेली असतात आणि संपादक जाहिरातींच्या मागे असतो. तेव्हा आलेली कथा वाचायची कोणी?

का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि पुढे मराठी कथेचा मोसमच दिवाळी होऊन बसला. तरी वर्षभर कथा छापणारी मासिकंही होती. ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन नवख्या लेखकालाही कथेत काय जमलंय, काय नाही हे पत्राने कळवत. १९८२ला ‘सत्यकथा’ बंद पडलं. आता कथा ई-मेलने जाते आणि पुष्कळदा पोहोचल्याचंही कळत नाही.

ओळखीचं म्हणाल, तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ती मुद्दाम लपवली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून! हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते या अनोळखी जगतापांना. परीक्षकांपुढे नुसती कथा होती.

म्हणून नवोदितांनी स्पर्धा सोडू नयेत. दिवाळी अंकासाठी कथा उन्हाळ्यातच पाठवावी. त्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचावेत. विनोदी अंकाकडे शोकांतिका धाडून उपयोग नाही. शब्दमर्यादा पाळावी, मजकूर युनिकोडमध्ये द्यावा आणि एकच कथा एकाच वेळी चौघांकडे पाठवू नये. दोन ठिकाणी छापून आली, तर दोन्ही दारं बंद. शिवाय ‘मिळून साऱ्याजणी’, ‘अनुष्टुभ’ यांच्यासारख्या नियतकालिकांचा संसार काही दिवाळीपुरता नसतो. तिथे कथा पाठवायला कंदील लागायची वाट कशाला बघायची?

मानधनाचं आधीच विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छोट्या अंकाला ते परवडत नसेल, तर समजून घेता येतं. पण ‘दहा प्रती विकत घ्या, कथा लावतो’ असं कोणी म्हणालं, तर कथा सरळ परत मागून घ्यावी. पैसे भरून छापून येते ती जाहिरात. तिथे कथा कोणी वाचलेलीच नसते.