पुढच्या वर्षी नक्की!

'टोकियोत दोन वर्षं राहिले, पण साकुरा नाही पाहिला,' असं पुण्यात कोणाला सांगून बघा. आग्र्यात राहून ताजमहाल न बघितल्यासारखे चेहरे करतात लोक! पण करणार काय? टोकियोत साकुरा फुलतो साधारण मार्चअखेरीस आणि बहुतेक जपानी कंपन्यांचं वर्ष संपतं ३१ मार्चला. त्यामुळे झाडं बहरात आणि आपण डेडलाइनच्या घेऱ्यात! दोन्ही वर्षी आईचा फोन, 'फुलली का गं तुझी झाडं?' आणि माझं ठरलेलं उत्तर, 'अगं, रिलीज आहे. पुढच्या वर्षी नक्की.'

यंदा मात्र परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं होतं. माझा पडलेला चेहरा बघून शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, 'मग कावाझूला जा ना!'

कावाझू म्हणजे इझु द्वीपकल्पावरचं छोटंसं गाव. टोकियोहून 'ओदोरिको' एक्स्प्रेसने अडीच-पावणेतीन तास. जाताना डावीकडची खिडकी पकडा, समुद्र दिसतो. इथला साकुरा फेब्रुवारीतच फुलतो, महिनाभर टिकतो आणि रंग टोकियोपेक्षा कितीतरी गडद गुलाबी. नदीकाठी तीन-चार किलोमीटर नुसती झाडंच झाडं, खाली मोहरीसारखी पिवळी फुलं. दरवर्षी इथे उत्सव भरतो. गर्दी आपल्या लक्ष्मी रोडसारखी, फक्त धक्काबुक्की नाही. स्टॉलवर सुकी मासळी आणि गुलाबी साकुरा मोची. मी मोचीवर ताव मारला.

या सगळ्याचं मूळ एक रोपटं. १९५५ च्या फेब्रुवारीत गावातल्या एकाला ते नदीकाठच्या गवतात दिसलं. त्याने ते उचलून अंगणात लावलं आणि चक्क दहा वर्षं वाट पाहिली. १९६६ मध्ये ते ऐन थंडीत फुललं. १९७४ मध्ये त्याचं 'कावाझू-झाकुरा' असं बारसं झालं. ते मूळ झाड अजून तिथेच आहे.

त्या झाडाखालूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. सातारला सकाळचे आठ वाजले होते, हातात चहाचा कप. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, 'अगं, अडीच तासांवर होतं, तर एवढे दिवस थांबलीस कशाला?'

काय सांगणार? 'रिलीज होतं' हे उत्तर या वेळी तोंडातून निघेना.

परतीच्या गाडीत ऑफिसची मेल उघडली. मार्चचं रिलीज एक महिना पुढे ढकललं होतं!

तुमचं 'पुढच्या वर्षी नक्की' कोणतं? कॅलेंडर काढा बघू!